डिस्कच्या यादीत किती लिहायचं?

प्रश्न: आमच्या फॅन विकीवर मालिकेच्या डीव्हीडी, ब्लू-रेची यादी करतोय, एकजण म्हणतो बारकोडपासून कव्हरच्या रंगापर्यंत सगळं टाका, दुसरा म्हणतो नुसती तारीख पुरे. काय करू?

उत्तर: ज्यानं दोन आवृत्त्या वेगळ्या ओळखता येतात ते ठेवाच, म्हणजे तारीख, डिस्क किती, ऑडिओ नि सबटायटल कुठल्या भाषेत, आणि रीजन, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालते त्याचा कोड, तर हवाच, डीव्हीडीला आकडे असतात, ब्लू-रेला ए, बी, सी. लांबी मात्र जपून लिहा! सेकंदाला २४ फ्रेमचं शूटिंग पाल (भारत, युरोपातली जुनी टीव्ही पद्धत) डीव्हीडीवर बहुतेक वेळा २५ने पळवतात, मग १०० मिनिटांचं ९६ मिनिटांत संपतं आणि लोक सीन कापले म्हणून लिहून मोकळे होतात, फार वाईट वाटतं बघून. बारकोड राहू द्या, जुनी डिस्क शोधणाऱ्याला तोच कामी येतो. रंगाचं वर्णन नको, फोटो लावा की.