तळेगावचा सेकंडहँड ट्रेलर: घ्या, पण आधी तो उलाळ आहे का बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहता कोथरूडला, घरी डिझेल एसयूव्ही आहे, तळेगावला एकाने बनवून घेतलेला, दोन माणसांना आत झोपता येईल असा, एका एक्सलचा कॅम्पिंग ट्रेलर विकायला आहे. मालक म्हणतो वजन 700 किलो. घ्यावा का, आणि दिवाळीत आईवडलांना घेऊन ताम्हिणीने कोकणात नेता येईल का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: पहिल्या वर्षी नाही. पहिल्याचं लांब आहे, चहा घेऊन बसा.

मी आठ वर्षं असाच एक ट्रेलर ओढतोय, भोसरीत एका फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेला. पहिल्याच मोठ्या फेरीला वाईला निघालो होतो. मागच्या कॅरिअरवर दोन सायकली आणि एक छोटा जनरेटर टाकला होता. फार हुशारी केली असं वाटत होतं. खेड शिवापूर मागे टाकल्यावर एका उतारावर वेग 75 च्या आसपास गेला, शेजारून एक कंटेनर सुसाट निघून गेला आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागला. आधी जरासं. मग आरशात कधी डाव्या बाजूने दिसायचा, कधी उजव्या. मी घाबरून ब्रेक दाबला, तर झोके आणखी वाढले. पाय आपोआप निघाला म्हणून वाचलो. बायको पुढचा तासभर एक शब्द बोलली नाही.

शिरवळच्या अलीकडे चहाला थांबलो. कपलिंग बघायला म्हणून ट्रेलर सोडवला, तेव्हा बाकावर बसलेले एक आजोबा उठून आले. त्यांनी ट्रेलरची दांडी एका हाताने सहज उचलली, परत ठेवली आणि म्हणाले, "गाडी उलाळ झालीय तुमची."

बैलगाडी भरणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. माल मागे जास्त झाला की जू वर उचललं जातं, ती गाडी उलाळ. पुढे जास्त झाला की सगळा भार बैलांच्या मानेवर येतो, ती धुरजड. ट्रेलर ओढायच्या शास्त्रात यापेक्षा मोठं काही नाही. दांडीने गाडीच्या हुकवर टेकवलेला भार एकूण वजनाच्या साधारण 10 टक्के हवा. अमेरिकेत 10 ते 15 टक्के धरतात. युरोपात 5 ते 7 वर भागवतात, पण तिथे कॅराव्हॅन ओढणाऱ्याचा वेगही बांधलेला असतो. भार कमी पडला तर ट्रेलर झोके खातो. फार झाला तर गाडीचं मागचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग ऐकत नाही आणि रात्री हेडलाइट झाडांवर पडतात.

माझा हिशेब नंतर घरी केला. ट्रेलर 700 किलो, हुकपासून एक्सल 2.6 मीटर, दांडीवर 65 किलो, म्हणजे ठीक. सायकली, जनरेटर आणि कॅरिअर मिळून 60 किलो, एक्सलच्या मागे दीड मीटरवर. साठ गुणिले दीड भागिले 2.6, म्हणजे दांडीवरचे जवळजवळ 35 किलो गेले. उरले 30, आणि ट्रेलर झाला 760. चार टक्के! वजन फक्त 60 किलोने वाढलं, पण चुकीच्या जागी. म्हणून जड सामान एक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, आणि खाली. मागच्या कप्प्यात उशा आणि पांघरुणं. पाण्याच्या टाकीचं तर नक्की विचारा, कारण एक लिटर म्हणजे एक किलो. मागे बसवलेली 80 लिटरची टाकी भरली तर मी केलेला पराक्रम तुमच्याकडून आपोआप होईल.

मोजायचं कसं? ट्रेलर सपाट जागी, भरलेला, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी लावून उभा करा. दांडी नेहमीच्या उंचीवर येईल असा ठोकळा घरातल्या वजनकाट्यावर ठेवा, त्यावर दांडी टेका, आकडा वाचा. एकूण वजनासाठी रस्त्याकडेच्या मोठ्या वजनकाट्यावर जायचं, तिथे सरळ पावती मिळते. मालकाचे 700 किलो हे बहुतेक रिकाम्या सांगाड्याचे असतात. गाद्या, बॅटरी, भांडी, पाणी आणि आपल्या मंडळींचं "असू दे, लागेल" धरलं की दीडशे किलो कुठे गेले कळत नाही.

झोके सुरू झालेच तर: स्टिअरिंग सरळ घट्ट धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, गाडीचा वेग आपोआप उतरू द्या. ब्रेक नाही, वेग वाढवून ओढून काढणं नाही, उलटसुलट स्टिअरिंग तर अजिबात नाही. मी आता 60 च्या वर जातच नाही. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

आता तुमची गाडी. इंजिनाची ताकद हा शेवटचा प्रश्न आहे, डिझेल एसयूव्ही सातआठशे किलो ओढेलच. खरा प्रश्न थांबवण्याचा. गाडीचं मॅन्युअल उघडून ओढण्याची मर्यादा बघा: ब्रेक असलेल्या ट्रेलरची वेगळी असते, नसलेल्याची वेगळी, दांडीवरच्या भाराची तिसरी. आपल्याकडच्या काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढू नका असंच लिहिलेलं असतं, तिथे विषय संपला. हुक चासीला बोल्ट केलेला हवा. बंपरखाली शोभेला लावतात ते चकचकीत हुक हे फक्त पार्किंगमध्ये दुसऱ्याचा रेडिएटर फोडायच्या कामाचे.

युरोपात 750 किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. माझ्या मते आपल्या घाटांसाठी त्याच्या आतही हवेत. स्वस्तातले बहुतेक ओव्हररन ब्रेक असतात: गाडी मंदावली की ट्रेलर मागून ढकलतो आणि त्या ढकलण्यानेच त्याचे ब्रेक लागतात. हुशार योजना, पण लांब उतारावर ट्रेलर सतत ढकलतच असतो, म्हणजे ब्रेक सतत थोडे लागलेले, सतत तापत राहतात. उपाय जुन्या ट्रकवाल्यांचाच: ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा. साताऱ्याकडून येताना कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलात की नवले पुलापर्यंतचा उतार तुम्हाला माहीतच आहे. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेल्या अवजड गाड्या तिथे काय करतात ते आपण पेपरात वाचतो. तिथे बोगद्यातच खालच्या गिअरला या आणि डावी लेन सोडू नका.

ताम्हिणीला नाही म्हणालो ते यामुळेच. अरुंद वळणं, आणि ट्रेलर वळणावर नेहमी आतून कापतो, म्हणजे गाडी गेली तिथून त्याचं चाक जात नाही. समोरून एसटी आली आणि तुम्हाला 30 मीटर मागे घ्यावं लागलं तर? मागे घेण्याची युक्ती सोपी आहे: हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरा, हात डावीकडे नेला की ट्रेलर डावीकडे जातो. अंगवळणी पडायला मात्र मोकळ्या मैदानावर चारपाच रविवार लागतात. कोकणात जायचंच तर पुढच्या वर्षी बोरघाट, खोपोली, पाली, वाकण, माणगाव असे जा. यंदा पानशेत किंवा सासवड. आणि आईवडील गाडीत बसतील, ट्रेलरमध्ये कधीही नाही, "पाठ टेकू दे जरा" म्हणाले तरी.

निघताना जोडणीची सवय लावून घ्या. कपलर, म्हणजे दांडीच्या टोकाची वाटी, आणि हुकचा गोळा एकाच मापाचे हवेत, 50 मिलिमीटरचा असेल तर दोन्ही 50. लॉक लागल्यावर जॅक फिरवून दांडी थोडी वर उचला. गाडीचं मागचं टोक उचललं गेलं तर लॉक खरं लागलंय. सुरक्षा साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेदून लावा, म्हणजे कपलर सुटला तरी दांडी रस्त्यात न घुसता साखळ्यांच्या झोळीत पडते. दिवे एकदा लावून बघा. पेटत नसतील तर दहातल्या आठ वेळा दोष अर्थच्या वायरीत असतो, तिथला गंज घासा.

देखभालीत माणसं आतल्या सजावटीकडे बघतात आणि चाकांकडे नाही. ट्रेलरचा टायर झिजून मरत नाही, वयाने मरतो. टायरच्या कडेला चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षं झाली की नक्षी कितीही शाबूत असली तरी बदला. नट पहिल्या 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. बेअरिंगचं ग्रीस वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर. मी एकदा हे काम ओळखीच्या मेकॅनिकला दिलं, त्याने एक्सलचा नट मन लावून आवळला आणि सारोळ्याजवळ चाकाच्या हबमधून धूर निघाला. तेव्हापासून प्रत्येक थांब्याला दोन्ही हबजवळ हात नेतो, मग अलगद टेकवतो. कोमट चालतं. हात ठेववत नसेल तर पुढे जायचं नाही.

पाणी मात्र सगळ्यात मोठा शत्रू. पुणं ठीक, पण मुळशी, लोणावळ्याकडचा पाऊस छताच्या सांध्यातून आत येतोच. दरवर्षी मे महिन्यात छतावरचा प्रत्येक सांधा, खिडकीची चौकट, व्हेंट बघून सीलंट भरा. प्लास्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळून ठेवू नका, आत वाफ कोंडून प्लायवुडला बुरशी लागते. वरून पत्र्याचं छप्पर आणि बाजूंनी वारा हवा. माझा ट्रेलर पौडजवळ मेव्हण्याच्या शेतावर उभा असतो, कारण आमच्या सोसायटीच्या सभेत या विषयावर दीड तास चर्चा झाली आणि तिचं सार होतं "नाही". तुमच्या सोसायटीला आधी विचारा, ट्रेलर नंतर घ्या.

गॅस: चालत्या गाडीत सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, सिलिंडर उभा आणि बांधलेला. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून जाळी खाली जमिनीलगत लागते, वरच्या खिडकीचा उपयोग नाही. महाबळेश्वरच्या थंडीत शेगडी आत घेऊन झोपणं म्हणजे आत्महत्या, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. वीज: कृषी पर्यटन केंद्रावर वायर जोडण्याआधी सॉकेटचं अर्थिंग सॉकेट टेस्टरने तपासा. ते नसेल तर पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येऊ शकतात. ट्रेलरमध्ये आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्याच.

कागद. मोटार वाहन कायदा 1988 प्रमाणे ट्रेलर हे वेगळं वाहन आहे, त्याची स्वतःची नोंदणी लागते. शिवाय ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरवर दिसायला हवा, कलम 61 मध्ये ते आहे. नोंदणी नाही तर अपघातानंतर विमा कंपनीशी बोलायला तुमच्याकडे काहीच नाही. गंमत म्हणजे अशा वाहनांची मानकं ठरवणाऱ्या समितीचं काम आपल्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेतून चालतं. सकाळी ज्या टेकडीवर फिरायला जाता, तिच्यावरच.

तेव्हा तळेगावला जाल तेव्हा पहिल्यांदा आरसी मागा. "होऊन जाईल हो नोंदणी" असं उत्तर आलं तर चहा पिऊन परत या. आरसी असेल तर आत शिरून कोपऱ्यांतलं प्लाय अंगठ्याने दाबा, मऊ लागलं तर आत पाणी गेलंय. मग टायरवरचे चार आकडे, मग खाली वाकून स्प्रिंगचे पाटे आणि वेल्डिंग. आणि डिकीत घरचा वजनकाटा न विसरता टाका. मालक हसेल. आकडा इथे कळवा, मग मागे कॅरिअर असेल तर ते काढायला सांगायचं की नाही ते सांगतो.