फाउंड्री चालवताना तत्त्वज्ञानाचा काय उपयोग?
वडिलांची बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील फाउंड्री, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतण्याचा कारखाना, हाती घेताना तत्त्वज्ञान वाचून काही उपयोग होईल का, असे आपण विचारले आहे. होतो, आणि तो नेमका निर्णयाच्या क्षणी होतो. समजा, ओतीव भागात ब्लोहोल, म्हणजे वायू अडकून पडलेले छिद्र, सापडले, ते लांबी (पुट्टी) भरून व घासून लपवता येण्यासारखे आहे आणि माल आजच पाठवायचा आहे. येथे जर्मन तत्त्वज्ञ कांट यांची कसोटी लावावी: माझा नियम सर्वांनीच पाळला, तर तो टिकेल का? प्रत्येक फाउंड्रीवाल्याने छिद्रे बुजवली, तर तपासणीच्या दाखल्यावर कोणीही विश्वास ठेवणार नाही, आणि ज्या विश्वासाच्या बळावर आपण फसवू पाहतो, तोच नाहीसा होईल. म्हणून ग्राहकाला दोष कळवणे हे औदार्य नसून कर्तव्य ठरते.

दुसरा आधार आपल्या सीमाभागाला परका नाही. 12व्या शतकात लिंगायत संत बसवण्णांनी कायक, म्हणजे प्रामाणिक श्रम, आणि दासोह, म्हणजे त्या श्रमाचे फळ समाजात वाटणे, यांची सांगड घातली. वेतन ठरवताना मी याच विचाराला अधिक महत्त्व देईन, कारण भट्टीपुढे उभ्या असलेल्या कामगाराचे काम मालकाच्या कामाइतकेच कायक आहे. आरंभ म्हणून नाकारलेल्या मालाची नोंदवही कामगारांसमोर उघडी ठेवावी आणि दोष स्वतःहून सांगणाऱ्याची मजुरी कापू नये.