हप्ता तेवढाच राहतो म्हणून गाडी बदलू नका, सर

पारोळ्याच्या एका माध्यमिक शिक्षकांचा प्रश्न आलाय, थोडक्यात असा. छोटी एसयूव्ही आहे, टर्बो पेट्रोल, मॅन्युअल, ४ वर्षं ८ महिने झाले, ६२ हजार किलोमीटर. ९ लाख ८० हजाराला ऑनरोड घेतली, हप्ता १३,२०० चा, अजून ४ बाकी. वॉरंटी संपली आणि वर्षभरात ४१ हजार खर्च आला, त्यामुळे मन उडालंय. शोरूमवाले एक्स्चेंजमध्ये ५ लाख २० हजार देतायत, नवीन मॉडेल ११ लाख ६० हजाराला पडतं, ६ लाख लोन काढायचं. ओळखीत ज्यांनी नवीन घेतली ते सगळे खूश आहेत, हप्ता पण तेवढाच राहतो, मग घेऊन टाकू का? मुलगी अकरावीला आहे.

सर, माझं उत्तर नाही असं आहे. का ते सांगतो.

आधी ते ४१ हजार बघू, कारण सगळा राग तिथूनच सुरू झालाय. तुम्ही बिलांचे फोटो पाठवले ते बरं केलं. २८ हजार क्लच प्लेट आणि बेअरिंगचे, ६ हजार बॅटरीचे, ७ हजार पुढच्या लिंक रॉड आणि बुशचे. यातलं एकही गाडी खराब असल्याचं लक्षण नाही, हे सगळं घासून संपणारं सामान आहे. शिशाची बॅटरी उन्हात लवकर मरते आणि आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो, तर साडेचार वर्षं टिकली हे चांगलंच म्हणायचं. तुमच्या बिलात इंजिन नाही, टर्बो नाही, गिअरबॉक्स नाही, आणि एकच तक्रार घेऊन दोनदा वर्कशॉपला गेलात असंही नाही. मी ज्या मेकॅनिकला ही बिलं दाखवली तो पहिल्यांदा हेच बोलला, "गाडी चांगली शे, कसाले ईकतस?" म्हणजे गाडी चांगली आहे, कशाला विकताय?

आता खूश असलेले लोक. नव्याचे नऊ दिवस असतातच, त्यात खोटं कोणी बोलत नाही, पण ८ महिने जुन्या गाडीचा मालक आनंद सांगू शकतो, टिकाऊपणा नाही. अमेरिकेत जे. डी. पॉवर ही कंपनी म्हणूनच दोन वेगळे सर्व्हे करते, एक पहिल्या ९० दिवसांचा आणि दुसरा ३ वर्षं झाल्यावरचा, दोन्हीत १०० गाड्यांमागे किती तक्रारी ते मोजतात. तुम्हाला नवीन मॉडेलबद्दल विचारायचंच असेल तर तेच इंजिन-गिअरबॉक्स असलेली, वॉरंटीबाहेर गेलेली, ७०-८० हजार पळालेली गाडी धुळ्यात कोणाकडे आहे ते शोधा आणि पार्ट यायला किती दिवस लागले तेवढंच विचारा. फोर्डची इकोस्पोर्ट आवडीने चालवणारे कितीतरी होते, तरी सप्टेंबर २०२१ मध्ये कंपनीने भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं आणि मालकांना रिसेल आणि पार्टची काळजी लागली. म्हणजे गाडी आवडणं ही एक गोष्ट आणि ती दहा वर्षं चालणं ही दुसरी.

आता हिशोब. "हप्ता तेवढाच" हे वाक्य शोरूममध्ये ऐकायला फार गोड लागतं. ६ लाख, ९ टक्के, ५ वर्षं, हप्ता १२,४५५, म्हणजे उलट ७४५ ने कमी. पण जुना हप्ता ४ महिन्यांत संपतोय सर, आणि हा ६० महिने चालणार, व्याजच साधारण १ लाख ४७ हजार. ७ वर्षं केलीत तर हप्ता ९,६५३ दिसेल आणि व्याज २ लाख ११ हजारांच्या जवळ जाईल. शिवाय ५ लाख २० हजार पूर्ण तुमच्या हातात येत नाहीत, बाकी लोनचे ५०-५२ हजार त्यातूनच फिटणार, म्हणजे ६ लाख कर्ज काढूनही ९० हजाराच्या आसपास बचतीतून काढावे लागतील. ते तुम्ही पत्रात धरलेलेच नाहीत.

जीएसटी कमी झाला म्हणून आत्ताच घ्या असंही तुम्हाला सांगितलं गेलंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर सेस धरून २९ चा १८ टक्के झाला हे खरं, पण १.५ लिटर पेट्रोल असेल तर गाडी छोटी असूनही ४० टक्केच लागतो. आणि नवीन स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली येतो, तुमचा एक्स्चेंजचा आकडा त्यामुळेच हलका असू शकतो.

घसारा, म्हणजे गाडीची किंमत उतरणं, सगळ्यात जास्त सुरुवातीला असतो. विम्याच्या नियमाने ३ वर्षांत आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनी धरते ती गाडीची किंमत, ३० टक्के उतरते, १० लाख एक्स-शोरूमचे ७ लाख. तो मार तुम्ही एकदा खाल्लाय, आता स्वस्तात गाडी चालवायचे दिवस आलेत तर ती दुसऱ्याला का देताय?

माझं म्हणणं असं, हप्ता संपला तरी त्याच तारखेला १३,२०० बाजूला काढत राहा. ४,२०० गाडीचे, वर्षाला ५०,४०० होतात, म्हणजे यंदाएवढा खर्च परत आला तरी पुरून उरतात, पुढे टायर येतीलच त्यात. ९,००० मुलीच्या नावाने आरडीत, दीड वर्षात १ लाख ६२ हजार आणि वर व्याज, पहिल्या वर्षाच्या फीला हाताशी.

मेंटेनन्सवर मात्र कंजुषी नको. मागच्या मे मध्ये एरंडोलच्या पुढे माझ्या गाडीचा कूलंटचा पाइप फुटला, गोडसर वास आला, काटा वर चढताना दिसला आणि मी तिथल्या तिथे बंद करून लिंबाखाली उभी केली. पाइप आठशे रुपयांचा. तसंच दोन किलोमीटर दामटली असती तर इंजिनचं हेड गेलं असतं. तुमचे पाइप आणि कूलंट उन्हाळ्याआधी बघून घ्या. चासी नंबर टाकून कंपनीच्या साइटवर रिकॉल आहे का तेही बघा, ते काम फुकट होतं. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने एअरबॅग कंट्रोलरसाठी १७,३६२ गाड्या परत बोलावल्या होत्या, त्यात ब्रेझा पण होती.

इंजिन ऑइल प्यायला लागलं, किंवा एकच बिघाड तीनदा आला, तर मला परत लिहा, मग उत्तर बदलेल.

आणि शेवटचा हप्ता गेला की बँकेकडून एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (आरसीवरून बँकेचं नाव काढायचा फॉर्म) लगेच घ्या, एनओसी ९० दिवसच चालते, त्यात आरसीवरचा बोजा उतरवा, विम्याच्या पॉलिसीतूनही बँकेचं नाव काढायला सांगा.