रंगीत सापांची पैदास: छंद की उपजीविका?

आपले पत्र आणि त्यासोबत पाठवलेले मुलीच्या वहीचे पान, दोन्ही मी लक्षपूर्वक वाचले. शाळेचे शेवटचे वर्ष संपताच पुढचे शिक्षण न घेता बॉल पायथन या अजगरांची निरनिराळ्या रंगांसाठी पैदास करायची आणि पिल्ले विकून स्वतःच्या पायावर उभे राहायचे, असे तिने ठरवले आहे. तिला अडवावे की पाठिंबा द्यावा, हा आपला प्रश्न आहे. माझ्या मते तिची आवड आपण मनापासून जपावी, पदवी मात्र सोडू देऊ नये.

वहीच्या पानापासूनच सुरुवात करतो. पिल्लांना आई-बापाकडून कोणती जनुके मिळू शकतात हे दाखवणारी चार घरांची चौकट तिने आखली आहे. तीत दोन ‘हेट अल्बिनो’, म्हणजे दिसायला साधे पण अल्बिनोपणाचे (अंगात गडद रंगद्रव्य न बनण्याचे) जनुक एकेरी बाळगणारे साप जुळवले आहेत आणि खाली लिहिले आहे, ‘चार अंड्यांत एक अल्बिनो’. चौकट अचूक आहे, पण तिचा लावलेला अर्थ चुकला आहे. एक चतुर्थांश ही शक्यता प्रत्येक अंड्याला स्वतंत्रपणे लागू होते. म्हणून मादीने सहा अंडी घातली आणि सगळी उबली, तरी एकही अल्बिनो न निघण्याची शक्यता सुमारे 18 टक्के उरते. साध्या दिसणाऱ्या भावंडांपैकी प्रत्येकात ते जनुक असण्याची शक्यता दोन तृतीयांश असते आणि नुसते पाहून ते ओळखता येत नाही. अशी पिल्ले ‘66 टक्के हेट’ म्हणून विकली जातात. घेणाऱ्याला भरवसा ठेवावा लागतो तो विकणाऱ्याच्या नोंदवहीवर.

काळाचा हिशेबही तिने मांडलेला नाही. बॉल पायथनची मादी विणीला तयार व्हायला साधारण तीन वर्षे लागतात, ती वर्षातून फार तर एकदा अंडी घालते आणि अंडी उबायला सुमारे दोन महिने जातात. अल्बिनो नर आणि साधी मादी अशी पिल्ले घेऊन सुरुवात केली, तर पहिल्या पिढीत रंग दिसणारच नाही, कारण हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून ते जनुक मिळाले तरच तो दिसतो. तो दिसेपर्यंत सहा-सात वर्षे उलटतील. तोवर तोच रंग इतरांनीही वाढवलेला असतो आणि किंमत उतरलेली असते.

मला खरी काळजी ‘स्पायडर’ या प्रकाराची वाटते, कारण तिच्या यादीत तो पहिला आहे. त्याची कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी फार देखणी असते, परंतु त्याच जनुकामुळे आतल्या कानातील तोल सांभाळणाऱ्या भागाची रचना बिघडते. साप डोके हलवत राहतो, कधी मान उलटी पिळतो, भक्ष्यावर झेपावताना त्याचा नेम चुकतो. निवड कितीही काळजीपूर्वक केली तरी हा दोष नक्षीपासून वेगळा काढता आलेला नाही. असे साप पैदा करू नयेत, हे तिने स्वतः समजून घेऊन ठरवावे, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

या आवडीतून पुढे जाण्याची वाट मात्र खरोखर आहे. अमेरिकेतील ईस्टर्न मिशिगन विद्यापीठात विद्यार्थ्यांनी आणि संशोधकांनी पाळीव बॉल पायथनच्या टाकलेल्या काती लोकांकडून मागवल्या, त्यांतून डीएनए वेगळा केला आणि 2022 साली तीन रंगप्रकारांमागची जनुके दाखवून दिली. अल्बिनोसाठी टीवायआर, लॅव्हेंडर अल्बिनोसाठी ओसीए2 आणि अल्ट्रामेलसाठी टीवायआरपी1 ही ती जनुके होत. माणसातील अल्बिनोपणाच्या काही प्रकारांतही हीच जनुके बिघडलेली असतात. जी मुलगी स्वतःहून चौकटी आखते, तिने प्राणिशास्त्र, आनुवंशिकी किंवा पशुवैद्यक यांपैकी एका विषयाची पदवी घ्यावी. सरपटणाऱ्या प्राण्यांचे आजार जाणणारे पशुवैद्य तसेही थोडे आहेत.

शिकत असताना, आपल्या भागातील कायदा परवानगी देत असेल तरच, बंदिस्त पैदाशीतील एकच साप कागदपत्रांसह घ्यावा. ही जात साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये आहे, त्यामुळे देशाबाहेरून आणायची झाल्यास परवाने लागतात. त्याचे वजन, खाणे आणि कात टाकल्याची तारीख तिने वर्षभर न चुकता लिहावी. ती वही घेऊन आपण दोघे माझ्याकडे या, मग पैदाशीचा विचार करू.