साहेबाला किल्ली द्यायची का? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : मी बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. साहेब घरच्या गाडीचं डिझेल, पाहुण्यांचं हॉटेल असलं सगळं कंपनीच्या खर्चात टाकायला सांगतात आणि मी टाकतो. मार्चनंतर सिनियर करतो म्हणालेत. मित्र मला 'तू द अपार्टमेंटमधला हिरो बघ' म्हणून चिडवायला लागला, म्हणून मुद्दाम बसून बघितला. हसू पण आलं आणि रात्री झोप पण लागली नाही. तो बॅक्स्टर शेवटी नोकरीला लाथ मारून मोकळा झाला, पण माझ्या डोक्यावर घराचा हप्ता आहे की ओ. मी काय करू? (एक वाचक, अनगोळ)

उत्तर : मित्र तुमचा चांगला आहे, त्याला एकदा कुंदा खायला घाला. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बिली वाइल्डरचा १९६० चा पिक्चर, न्यूयॉर्कमधली अवाढव्य विमा कंपनी, माणसं ३१,२५९, आणि त्यात एकोणिसाव्या मजल्यावर हिशोबाच्या खात्यात बसणारा बॅक्स्टर म्हणजे जॅक लेमन. ऑफिसातले चार साहेब आपापल्या मैत्रिणींना घेऊन ह्याच्या फ्लॅटवर येतात, तोवर हा बाहेर थंडीत कुडकुडत थांबतो, आणि बदल्यात ते वर ह्याचं नाव पुढे ढकलतात. पगार आठवड्याला ९४ डॉलर ७० सेंट, घरभाडं महिन्याला ८५ डॉलर, म्हणजे कमाईतला साधारण पाचवा हिस्सा, आणि माणूस सडाफटिंग. हे आकडे मुद्दाम दिले कारण त्याच्यावर उपाशी मरायची पाळी आलेली नव्हती, त्याला फक्त वर जायचं होतं.

आता हे सुरू कसं झालं ते तो स्वतःच मोठ्या साहेबाला, शेल्ड्रेकला, सांगतो, तो सीन परत बघा. ऑफिसातल्या एकाला कुठल्या तरी मेजवानीला जायचं होतं, घर लांब, कपडे बदलायला जागा नाही, म्हणून ह्यानं किल्ली दिली. एवढंच. मग हळूहळू सगळ्यांच्याच मेजवान्या निघायला लागल्या. तुमच्याकडं पण पहिलं बिल असंच आलं असणार, 'एवढं एक ॲडजस्ट कर रे', आणि तेव्हा नाही म्हटलं असतं तर तुम्हीच आगाऊ ठरला असता. म्हणून बॅक्स्टरला शिव्या घालणाऱ्यांचं मला पटत नाही, तो लबाड नाही, भिडस्त आहे, आणि भिडस्त माणूस लबाड माणसाच्या फार उपयोगाचा असतो.

दुसरं म्हणजे 'कुणाचं काय जातंय' हे. अर्धा पिक्चर होईतोवर त्याला पण असंच वाटतंय की माझा फ्लॅट, माझी गैरसोय, बाकी कुणाचं काय जातंय. मग नाताळच्या ऑफिस पार्टीत तो नवी हॅट घालून कशी दिसते विचारतो, लिफ्टवाली फ्रॅन, जिच्यावर ह्याचा जीव आहे, बघ म्हणून आपल्या पर्समधला छोटा आरसा त्याला देते, आणि आरसा मधोमध तडकलेला. तोच आरसा त्याला आधी स्वतःच्या घरात सापडलेला असतो आणि त्यानंच तो बॉस शेल्ड्रेकला परत दिलेला असतो, म्हणजे शेल्ड्रेक ज्या मैत्रिणीला ह्याच्या फ्लॅटवर आणतो ती हीच. ती म्हणते मला तडकलेलाच बरा वाटतो, मी आतून जशी आहे तशी त्यात दिसते. लेमनचा चेहरा बघा तिथं, एक शब्द नाही. किंमत कोण मोजतंय ते त्याला त्या क्षणी कळलं, आणि तरीसुद्धा त्यानं लगेच काही केलं नाही, किल्ली शेवटी नाकारली ती बऱ्याच उशिरानं. हे मला फार खरं वाटतं.

आता तुमचं. नोकरी सोडा म्हणून सल्ला मी देणार नाही, हप्ता मी भरणार नाहीये. पण हिशोब तुमच्या हातात आहे. साहेब स्वतः मालक असतील तर घरचा खर्च कंपनीच्या खर्चात न घालता त्यांची उचल म्हणून दाखवा. पगारी मॅनेजर असतील तर त्यांच्या नावे येणं दाखवा. आणि 'साहेब, ऑडिटर विचारणार, व्हाउचरवर तुमची सही लागते' एवढं हसत हसत म्हणा. खोटं बोलायची पण गरज नाही, ऑडिटर आज ना उद्या विचारणारच आणि त्या दिवशी व्हाउचरवर सही तुमची असली तर साहेब ओळख दाखवायचे नाहीत. सही मागितल्यावर निम्मी बिलं आपोआप बंद होतील. सिनियर करणं पण बंद झालं तर ते प्रमोशन कशाचं होतं ते कळलंच, दुसरीकडं बघायला लागा, पण आधी बघा आणि मग सोडा.

प्रश्न : फ्रॅन एवढी हुशार, लिफ्टमध्ये साहेबांना चोख उत्तरं देणारी, ती त्या शेल्ड्रेकच्या मागं का लागलीय तेच कळत नाही. (एक वाचक, निपाणी)

उत्तर : हुशारीचा आणि ह्याचा काय संबंध ताई. शेल्ड्रेक घटस्फोट घेतो घेतो म्हणतोय आणि ती थांबलीय. आपण सीमाभागातली माणसं, २००४ पासून सुप्रीम कोर्टातल्या दाव्याची पुढची तारीख ऐकत बसलोय, आपण तिला हसायचं होय? तिचे डोळे उघडतात ते शेल्ड्रेकच्या सेक्रेटरीमुळं, तिच्यावर पण आधी हीच वेळ आलेली असते. आणि नाताळला शेल्ड्रेक गिफ्ट न आणता शंभर डॉलरची नोट काढून देतो ना, तिथं फ्रॅन झालेल्या शर्ली मॅक्लेननं कोट काढायला जी सुरुवात केलीय, म्हणजे पैसे दिलेत ना मग हे घ्या, अशी, त्याच्यापुढं मोठमोठे डायलॉग फिके. त्यानंतर ती बॅक्स्टरच्याच फ्लॅटवर झोपेच्या गोळ्या घेते. शेजारचा डॉक्टर तिला वाचवतो आणि बॅक्स्टरला झापतो की जरा माणसासारखा वाग, कारण त्याला वाटतंय हे सगळं ह्याचंच, आणि बॅक्स्टर बॉसचं नाव झाकायला गप्प ऐकून घेतो. एवढं सगळं घडून पिक्चर कॉमेडीच राहतो, आणि पुढं एका सीनमध्ये तो टेनिसच्या रॅकेटनं स्पॅगेटी गाळतोय!

प्रश्न : ते ऑफिस खरं आहे का? टेबलं संपतच नाहीत. (एक वाचक, खानापूर)

उत्तर : सेट आहे. अलेक्झांडर ट्राउनरनं मागची टेबलं लहान लहान करत नेली आणि अगदी मागं ठेंगणी माणसं बसवली, त्यामुळं हॉल मैलभर लांब वाटतो. कलादिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं, शिवाय पिक्चर, दिग्दर्शन, पटकथा, संकलन धरून एकूण पाच.

प्रश्न : हिंदीत कुणी केलाय काय? सबटायटल वाचायचा कंटाळा येतो. (एक वाचक, चिक्कोडी)

उत्तर : १९७२ चा 'रास्ते का पत्थर', अमिताभचा, ह्याच्यावरूनच. आणि २००७ च्या 'लाइफ इन अ मेट्रो'त शर्मन जोशीची गोष्ट म्हणजे हीच किल्ली, तिथं कॉल सेंटर आहे एवढाच फरक. एक गोष्ट मात्र मेट्रोत जास्त चांगली आहे असं माझं मत, बॉसच्या बायकोला, म्हणजे शिल्पा शेट्टीला, स्वतःची अख्खी गोष्ट दिलीय. वाइल्डरकडं मिसेस शेल्ड्रेक नावापुरतीच दिसते. तरी मूळ बघाच, सबटायटल वाचत वाचत बघा, दहा मिनिटांत सवय होते.