लाल सळया आणि खारं बोअर

प्रश्न : साहेब, रामराम. कापसाचे पैसे अडकले अन् घराचं काम पायव्यावरच थांबलं. बारा एमएमच्या सळया अंगणात पावसाळाभर भिजून लाल झाल्या. मिस्त्री म्हणते, ऑइल पेंट मारू. दुकानदार म्हणते, या भंगारात टाका, हिरव्या कोटिंगच्या घ्या. पाणी आमच्या बोअरचं आहे, खारं. काय करू?
– एक शेतकरी, दर्यापूर तालुका

उत्तर : रामराम भाऊ. पेंटचा डबा आणला असेल तर परत करा. सळईवर रंग चढला की काँक्रीटची पकड सुटते. सुटा जंग, रंग, तेल, माती सळईवर नको, असं आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात सरळ लिहिलं आहे. सेंट्रिंगच्या पाट्यांना लावतात ते जळकं ऑइलही त्यातच आलं.

लाल झाली म्हणून सळई वाया गेली नाही. तारेच्या ब्रशनं घासा. पापुद्रे निघून अंगावरच्या रेघा शाबूत दिसल्या तर बिनधास्त वापरा. शंका आली तर मीटरभर तुकडा कापून तोला. बारा एमएमला ८८८ ग्रॅम भरायला हवेत. ८३० च्या खाली गेली किंवा खड्डे पडले असतील तरच भंगार.

हिरवी सळई म्हणजे इपॉक्सी या राळेचा लेप दिलेली. कारखान्यात तापवून तिच्यावर भुकटी चढवतात. माल चांगला, पण वाकवताना, ओढताना खरचटतो आणि जंग नेमका तिथंच धरतो. अमेरिकेत फ्लोरिडाच्या समुद्रात १९८० च्या सुमारास बांधलेल्या पुलांत अशा सळया होत्या. १९८६ मध्येच गंज दिसला. आपल्याकडे तर ट्रॅक्टरवरून सळया धाडकन खाली टाकतात! शिवाय तिची पकड कमी, म्हणून जोड लांब ठेवावा लागतो. खेड्यातल्या घराला मी ती सांगणार नाही.

मला धास्ती तुमच्या बोअरची आहे. तुम्ही पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात राहता. काँक्रीटमधल्या सिमेंटचा चुन्यासारखा क्षार सळईवर एक पातळ संरक्षक थर धरून ठेवतो. मिठातलं क्लोराइड तोच फोडतं. मग जंग फुगतो आणि स्लॅबचे पोपडे पडतात. आरसीसीच्या, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या, पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्या. जास्त निघालं तर नळाचं किंवा टँकरचं गोड पाणी आणा. सिमेंटच्या पन्नास किलोच्या पोत्याला साधारण २५ लिटर लागतं, खर्च फार नाही. तराईला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायलाही, तेच पाणी.

आणि कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर. फुटिंगला (कॉलमखालच्या पायाला) ५० एमएम, कॉलमला ४०, स्लॅबला किमान २०. सळईखाली गिट्टीचा तुकडा सरकवायची मिस्त्रीची सवय मोडा. तो निसटतो आणि सळई पाटीला टेकते. सिमेंटचे कव्हर ब्लॉक गोड पाण्यात घरीच पाडा.

वरच्या मजल्यासाठी कॉलमच्या सळया उघड्या सोडणार असाल, तर तेवढ्या सिमेंटच्या घट्ट घोळानं माखून प्लास्टिक गुंडाळा. काम पुन्हा सुरू कराल तेव्हा तो घोळ आधी खरवडून काढा.