हट्टाने आणलेलं करडू आणि गपचूप पाला घालणारी आई

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मुलगा सहावीत, मे महिन्यात हट्ट करून मामाकडून करडू आणलं, पंधरा दिवस त्याच्याशिवाय जेवला नाही, आणि शाळा सुरू झाल्यावर त्याला त्याची आठवणही नाही. तुम्ही लिहिलंय, "रात्री मीच गपचूप पाला घालते, जनावर उपाशी कसं ठेवू? पण याला शिस्त कशी लागणार?" वर बऱ्याच जणांनी तक्ता करा, स्टार द्या, बक्षीस द्या असं सुचवलंय. करून बघा, पण मला त्यात राम वाटत नाही. मी अडकलो तो तुमच्या 'गपचूप' या शब्दाशी.

पाणी, कोरडी जागा, जंताचं औषध हे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडतो.

आमचं घर देवगड तालुक्यात, खाडीकाठी. १९९१ साल, मी अकरा वर्षांचा. कोकण रेल्वे अजून यायची होती. आजीने एक करडू माझ्या नावावर केलेलं, ते वाढून आता चांगली गाभण बकरी झालेली. नियम एकच: संध्याकाळी आकडीने (टोकाला आकडा असलेल्या काठीने) फणसाचे टाळे, म्हणजे पाल्याच्या डहाळ्या, ओढायचे, जुडी बांधून दाव्याशेजारी टांगायची, मग आपण पाटावर बसायचं. वर्षभर केलं. शाबासकी कोणी दिली नाही, मला ती लागतही नव्हती.

गणपती आले आणि सगळं बिघडलं. वाडीत रोज भजन, घरोघर आरत्या, मुंबईची भावंडं आलेली. लागोपाठ दोन संध्याकाळी मी टाळे आणलेच नाहीत. पाऊस पडत होता, बकरी बाहेर सोडलेली नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी ती ओरडायला लागली तेव्हा मला घाम फुटला. पावसात फणसावर कोण चढणार? मागच्या पडवीत पंगतीतला उरलेला भात टोपभर होता. दोन दिवसांचं एकदम भरून काढू म्हणून तो सगळा तिच्यापुढे ओतला. तिने आधाशासारखा खाल्ला. मी टोप विहिरीवर नेऊन राखेने घासला आणि जागेवर ठेवला. तो घासलेला टोप मला अजून दिसतो.

(मी जनावरांचा डॉक्टर नाही. पुढे जे कळलं ते सांगतो, औषध डॉक्टरलाच विचारा.) बकरीच्या पोटाचे चार कप्पे. पहिल्या मोठ्या कप्प्यातले जंतू पाला सावकाश आंबवतात. भात, पीठ, दाणा सवय नसताना एकदम गेला की तिथे भराभर आम्ल तयार होतं आणि रवंथ थांबते. आपल्याला वाटतं, खाल्लं म्हणजे बरं झालं. दुसऱ्या दिवशी ती दात खात उभी होती, डावी कूस फुगलेली, लेंड्यांच्या जागी आंबूस वासाचं पातळ.

आजीने विचारलं, "काय घातलंस रे तिका?"

मी म्हटलं, "पालोच."

आमच्या हाताने तिची शेवटची संधी गेली ती या एका शब्दाने. आजीने पाल्यावर फुगलीय समजून गोडंतेल पाजलं. मग काका होडीने पलीकडे सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गेले. कुठला ते लिहीत नाही, आता तिथे वेगळी माणसं असतील. डॉक्टर रजेवर. जे गृहस्थ हजर होते ते म्हणाले, तुमचा गाव आमच्या हद्दीत नाही, अलीकडच्या दवाखान्यात जा. अलीकडचा दवाखाना एस.टी.ने दीड तास, आणि एस.टी. दिवसाला दोन. निदान काय द्यायचं एवढं तोंडी सांगा म्हटलं, तर "जनावर बघितल्याशिवाय नाही", आणि बघायला यायचं नाही कारण हद्द. तीसहून जास्त वर्षं झाली, तरी 'हद्द' शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. आता निदान १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करून फिरत्या पथकाची गाडी मागवता येते. तो क्रमांक गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा, मोबाइलमध्ये नको, मोबाइल ऐनवेळी मुलाच्या हातात असतो.

तरी खरं सांगतो, डॉक्टर भेटले असते तरी काकांनी त्यांना "पाला खाल्लाय" असंच सांगितलं असतं. बकरी तिसऱ्या दिवशी पहाटे गेली, पोटात दोन पिल्लं होती. आजीला मी भाताचं सांगितलं ते विसर्जन झाल्यावर. ती मारेल म्हणून गप्प राहिलो होतो. तिने मारलं नाही, पण रात्री जेवलीही नाही.

म्हणून तुमच्या 'गपचूप'ला माझा विरोध आहे. मी भीतीने लपवलं, तुम्ही मायेने लपवताय. मुलाला कळतच नाही की काही राहिलं होतं. करडू रोज सकाळी पोट भरलेलं दिसतं, मग तो का उठेल? धडा शिकवायला जनावर उपाशी ठेवा असं मी मुळीच म्हणत नाही, ते पाप आहे. पण रात्री दहाला आठवलं तर त्याला उठवा. बॅटरी त्याच्या हातात द्या, कोयती तुमच्या. त्या वेळी व्याख्यान नको. झोपेतून उठून ओल्या पायवाटेने फणसापर्यंत जाणं पुरेसं बोलतं. आणि "विसरलो" म्हटल्यावर घरात आरडाओरडा होणार नाही एवढी सोय ठेवा. पुढच्या वर्षी आजीने मला दुसरं करडू दिलं. ती रोज विचारायची, "आज काय घातलंस?" कधी कधी मी म्हणायचो, "इसारलंय." ती नुसती आकडी पुढे करायची.

माझं मत टोकाचं वाटेल, पण वाढदिवसाला कुत्र्याचं पिल्लू भेट देणाऱ्यांनी आधी स्वतः वर्षभर रोज एका वेळेला एक काम करून दाखवावं. असो.

नर असेल तर तो पुढे विकायचा आहे की नाही, हे मुलाला आत्ताच सांगा. आमच्या शेजारी ते शिमग्याच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं, पोर अजून बापाशी धड बोलत नाही. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होऊन जनावर एकाएकी दगावतं, त्या रोगाची) लस पावसाआधी घ्यायची असते. राहिली असेल तर डॉक्टरला लगेच विचारा. पाला जमिनीवर टाकू नका, टांगा. तुडवलेलं बकरी खात नाही.

आणि गणपतीत पाहुण्यांवर लक्ष ठेवा. कौतुकाने मोदक, केळी, भात पुढे करतात, नको म्हटलं तरी ऐकत नाहीत. आमच्याकडे दरवर्षी पाच दिवस खुंटीला पाटी असते: "हिचं जेवण झालेलं आहे."